सात रुपये मीटर

लोटू सोनवणे एका जागी निवांत बसलेला सुरतेच्या गोडादऱ्यात कुणी पाहिला असेल, तर त्या दिवशी त्याला ताप असणार. बसला तरी हात चालूच. काही नाही मिळालं तर जमिनीवरचा सुताचा तुकडा उचलायचा, त्याला पीळ द्यायचा, पीळ उकलायचा, पुन्हा द्यायचा. शिंदखेड्याकडून सोळाव्या वर्षी सुरतेला आला आणि बमरोलीच्या एका लूमखात्यात बीम पसारायला लागला, तेव्हापासूनची ही खोड. बीम पसारायचं म्हणजे मागावर संपत आलेला उभ्या धाग्यांचा ताणा नव्या बीमच्या रुळावरच्या ताण्याला जोडायचा, धाग्याला धागा. हजारो धागे, आणि एकानेही जागा सोडता कामा नये. रंगीत ताणा असला तर लालाशेजारी लाल, पिवळ्याशेजारी पिवळा. एक धागा चुकला की थानभर रेघ उमटते आणि शेठ पगारातून कापतो. लोटूची अशी रेघ म्हणे एकदाच उमटली होती, तीही लग्नाच्या आदल्या आठवड्यात.

पुढे त्याच खात्यात तो वायरमन झाला, मग टेलिफोनच्या वायरी ओढू लागला, आणि अठ्ठ्याण्णव साली मार्केटातले व्यापारी कॉम्प्युटर घ्यायला लागले तेव्हा त्यांच्याही. कॉम्प्युटर त्याला ओ की ठो कळत नव्हता. पण वायर ओढावी तर लोटूने, असं लोक म्हणत. भिंतीवरून अशी सरळ न्यायचा की ओळंबा लावून बघावा.

कॉम्प्युटरच्या कामात त्याला पहिल्यांदा आणलं जयंत खाडिलकरांनी. हे मूळचे नाशिकचे. रिंगरोडवरच्या एका साडीच्या पेढीवर चौदा वर्षं पत्रव्यवहार आणि ऑर्डरी सांभाळणारे, सावकाश बोलणारे, चष्मा पुसल्याशिवाय मत न देणारे. शेठने दोन कॉम्प्युटर घेतले, एक खाली दुकानात आणि एक चौथ्या मजल्यावरच्या गोडाउनात. गिऱ्हाईक समोर असतानाच कुठल्या डिझाइनच्या किती साड्या वर आहेत ते खाली दिसावं, हा बेत. हे सगळं खातं जयंतरावांकडे यायचं होतं. त्यासाठी वर्षभर पदरचे पैसे भरून ते संध्याकाळचे क्लासला जात होते, बाकावर आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांशेजारी बसून. त्यांना हसणारी माणसं पेढीवर होती. पण चाळिशी उलटलेल्या माणसाने नवं काही शिकायला बसावं याला माझ्या लेखी छाती लागते.

आता दोन्ही कॉम्प्युटर जोडायचे तर खाली हब, म्हणजे जोडणीची पेटी, आणि मधे सत्तर मीटर वायर. कॉम्प्युटर विकणारा योगेंद्र म्हणाला की परदेशी निळी वायर घ्या, बत्तीस रुपये मीटर, शंभरच्या वेगाची. मुंबईहून येणारी करडी वायर सात रुपयांना मिळत होती. जयंतरावांनी दोन दिवस चष्मा पुसला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कॉम्प्युटरच्या पोटात जी कार्डं बसवलीत ती दहाच्या वेगाची. मग शंभर पेलणारी वायर घालून उपयोग काय? तरीही त्यांनी लोटूला विचारलं, कारण वायरीतलं त्याला कळतं असा त्यांचा विश्वास. लोटूने करडी वायर सोलली. आत तांब्याच्या आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला नीट पीळ. त्याने तार दाताखाली धरून पाहिली, वाकवली, सरळ केली.

"चालेल जयंतभाऊ," तो म्हणाला. "हिच्यात काही खोट नाही."

या एका शब्दावर जयंतरावांनी भर दुकानात शेठला सांगितलं की महागाची गरज नाही, मी जबाबदारी घेतो.

लोटूने वायर लिफ्टशेजारच्या पोकळीतून वर नेली. दोन्ही टोकांना आठ-आठ तारांचे प्लग बसवले. कुठला रंग कुठल्या घरात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायची त्याला गरजही वाटली नाही. निळ्याशेजारी निळा, केशरीशेजारी केशरी, मग हिरवी जोडी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारखं. मग सेल आणि छोटा बल्ब घेऊन एकेक तार तपासली. आठही वेळा बल्ब लागला. याहून चोख काम जगात कुणाला करता आलं नसतं, असं त्याला वाटलं.

आणि ते चाललं नाही. म्हणजे अगदीच चाललं नाही असंही नाही. यादी अर्धी यायची आणि थबकायची. पुन्हा यायची, पडदा गोठायचा. इंदूरचं गिऱ्हाईक गादीवर ताटकळलेलं, शेठ घामाघूम, वरून माणूस चिठ्ठी घेऊन धावतोय, पूर्वी धावायचा तसाच. तीन दिवस हा तमाशा चालला. लोटू वर-खाली करून थकला. प्लग कापून नवे बसवले, त्याच ओळीने. बल्ब लागतच होता.

चौथ्या दिवशी योगेंद्र आला. त्याने प्लगकडे बघितलंही नाही. वायर कितीची, एवढंच विचारलं, आणि किंमत ऐकून हसला. मग शेठ जयंतरावांवर बरसला. चौदा वर्षांत बोलला नव्हता ते सगळं गिऱ्हाइकांसमोर बोलला. चार पैसे वाचवायला गेलेल्या माणसाने पेढीचं नाक कापलं म्हणाला. कॉम्प्युटरचं खातं त्याच दुपारी शेठच्या भाच्याकडे गेलं. लोटूला मी आणला, त्याला काही बोलू नका, एवढंच जयंतराव म्हणाले आणि आपल्या जुन्या टेबलाशी जाऊन बसले.

निळी वायर लोटूनेच ओढली, मान खाली घालून, करडीच्या शेजारूनच. जुनी काढायला कुणाला वेळ होता? ही वायर खोक्यातून आली होती आणि खोक्यात एक घडीचा कागद होता. त्यावर प्लगचं चित्र, रंगांसकट. लोटूने ते पाहिलं आणि त्याला आधी हसूच आलं. कुणा वेड्याने काढलंय म्हणाला. हिरवी जोडी फोडून तिच्या मधे निळी घातलेली. लूमखात्यात असं करणाऱ्याला दुपारच्या आत घरी पाठवलं असतं. पण परदेशी माल, उगाच बोल नको, म्हणून त्याने चित्राबरहुकूम तारा बसवल्या.

यादी खटकन आली. पूर्ण. शेठने टाळी वाजवली, भाच्याने पेढे मागवले, योगेंद्रने बघा म्हणून सगळ्यांकडे पाहिलं.

लोटू गोडाउनात प्लगजवळ उकिडवा बसला होता. कागद अजून हातात होता. त्यावर बाणांनी दाखवलं होतं की बोलणं पहिल्या-दुसऱ्या तारेवरून जातं आणि तिसऱ्या-सहाव्या तारेवरून येतं. वाचता येण्यापुरतं इंग्रजी त्याला नव्हतं, पण पीळ कशाला असतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. टेलिफोनच्या जोडीचा पीळ सुटला की शेजारचं बोलणं तिच्यात घुसतं. तिसरी आणि सहावी एकमेकींना पीळ घातलेल्या हव्यात. त्याच्या ओळीत तिसरी केशरी जोडीतली होती आणि सहावी हिरव्या जोडीतली. बल्बाला ते कळत नाही, बल्ब लागतो. वायरीत खोट नव्हती, त्याने अठरा वर्षं अभिमानाने जपलेल्या ओळीत होती.

तेव्हाच खाली जाऊन सांगायचं होतं. जिन्याच्या तीन पायऱ्या तो उतरलाही. खाली पेढे वाटत होते. पेढे घेऊन वर येणाऱ्या योगेंद्रने जिन्यातच त्याच्याही हातावर एक ठेवला आणि म्हणाला, मार्केटात सात दुकानांना ही निळी वायर हवीय, ओढणार तू. लोटूने पेढा तोंडात घातला. तोंडात पेढा असताना कोण काय बोलणार?

त्यानंतरचे पंधरा दिवस त्याच्या पायाला भिंगरी लागली. कामावर जाताना तो लांबचा जिना घेई, जयंतरावांच्या टेबलासमोरून जाणारा टाळून. सात दुकानांत सातही ठिकाणी शेठ लोक विचारत, स्वस्त चालेल का रे? आणि लोटू म्हणे, मला काय ठाऊक, मी ओढणारा. एकदा न राहवून त्याने योगेंद्रला आडून विचारलं की कार्डं दहाचीच असतील तर सातवाली का नाही? योगेंद्र चिडला नाही. म्हणाला, उद्या शंभरची कार्डं आली की हीच वायर कामाला येईल, आणि आज गिऱ्हाइकाला निळ्या वायरीने झोप लागते, तिचे पैसे नकोत का? यातलं पहिलं खोटं नव्हतं. घरी तो जेवता जेवता उठायचा, दाराशी जायचा, परत यायचा. बायकोने, सुमनने, डाळ बदलून पाहिली. डाळीचा दोष नव्हता.

आणि रविवारी सकाळी जयंतराव गोडादऱ्याला घर शोधत आले.

सायकल चाळीच्या तोंडाशी लावून, हातात केळ्यांची फणी. लोटूला वाटलं, यांना कळलं. पण जयंतराव खाटेच्या कडेवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले की माझ्यामुळे तुझं नाव खराब झालं. तू कारागीर माणूस, मी विचारलं म्हणून तू तारेबद्दल सांगितलंस, पण पुस्तकातलं अर्धवट वाचून निर्णय घेतला तो मी. लोक आता तुला सातवाला म्हणून चिडवतात असं ऐकलं. चूक माझी होती, मनात ठेवू नकोस.

लोटूने काय करावं? त्याने सुमनला चहा टाकायला सांगितलं. एवढंच केलं. जयंतरावांनी चहा घेतला, मुलांची शाळा विचारली आणि गेले. केळी खाटेवर राहिली.

ते वळणावरून दिसेनासे झाले तसं लोटूने सगळं सुमनला सांगितलं, प्लगपासून पेढ्यापर्यंत. तिने कपबश्या विसळून ठेवल्या आणि मग म्हणाली, "त्या घर ईसन माफी मांगी ग्यात, नि तुमी नुसता चहा पाजीसन धाडी दिधं. उद्या जाईसन सांगी या. नहीतं मी जास."

तो म्हणाला, सांगायला गेलो तर योगेंद्रचं काम जाईल. ती म्हणाली, जाऊ दे, बमरोली कुठे पळून गेलीय?

सोमवारी दुपारी दुकानात गर्दी नसते ती वेळ साधून लोटू पेढीवर गेला. कुणाला काही न विचारता आधी वर गेला. करडी वायर पोकळीत लोंबत होतीच. तिचे दोन्ही प्लग, आधी वरचा आणि मग खाली उतरून खालचा, कापले, तारांचे पीळ जेवढे लागतात तेवढेच उकलले आणि कागदावरच्या ओळीने नवे बसवले. मग शेठसमोर उभा राहिला. जयंतरावांचं टेबल चार हातांवर होतं. त्यांच्याकडे न बघता तो म्हणाला की शेठ, पाच मिनिटं द्या, एक दाखवायचंय.

वर गोडाउनातल्या माणसाने आणि खाली भाच्याने निळी वायर काढून करडी लावली. यादी मागवली. ती खटकन आली. पूर्ण. पुन्हा मागवली, पुन्हा आली. शेठने घड्याळ लावून निळीवर पाहिलं, करडीवर पाहिलं. तेवढाच वेळ.

लोटूने सांगून टाकलं. वायर चांगली होती, तारांची ओळ माझी चुकली, जयंतभाऊंचं म्हणणं बरोबर होतं. बोलताना त्याला वाटत होतं की आता शेठ ओरडेल, आणि ओरडावं अशी त्याची इच्छाही होती. पण शेठ व्यापारी माणूस. तो पोट हलेपर्यंत हसला. आपल्या सांगण्यावरून मार्केटातल्या सात जणांनी बत्तीसवाली घातलीय, म्हणाला, आता त्यांना काय तोंड दाखवू? निळीच लाव परत. आणि हे दुकानाबाहेर जाता कामा नये. जयंतरावांकडे वळून म्हणाला, ठीक आहे, उद्यापासून तुम्ही भाच्याबरोबर बसा.

एवढ्यावर मिटलं असं लोटूला वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा तो पहिल्यांदाच जयंतरावांच्या टेबलाशी गेला. ते उठून उभे राहतील, पाठीवर हात ठेवतील, असंही कुठेतरी त्याच्या मनात होतं. जयंतराव बसूनच राहिले. चष्मा पुसला नाही.

"तुला हे कळलं कधी?" त्यांनी विचारलं.

आज, असं म्हणता आलं असतं. आज म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"निळी लावली त्याच दिवशी," लोटू म्हणाला.

जयंतरावांनी मनात दिवस मोजले असावेत. दुकानात पंखा फिरत होता, भाचा वायर बदलत होता. मग ते म्हणाले, "म्हणजे काल मी तुझ्या घरी आलो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

जयंतरावांनी मान हलवली. समोरचं ऑर्डरीचं पत्र ओढून घेतलं, आणि जिथे सोडलं होतं त्या ओळीपासून पुढे लिहायला लागले. लोटू टेबलासमोर उभा राहिला. हलावंसं त्याला वाटेना, हातही जागच्या जागी होते. त्यांनी वर पाहिलं की जायचं असं ठरवून तो उभाच राहिला, आणि त्यांनी वर पाहिलं नाही.