चष्म्यावर वाफ, खिशात कांदा

बाबा परदेशी, शुगर लँडला माझ्याकडे आले त्या उन्हाळ्यात मी उन्हाविरुद्ध पत्रकं वाटत होते. म्हणजे उन्हाविरुद्ध नाही, उन्हात माणसं राबवून त्यांना पाणी प्यायला सुट्टी न देणाऱ्यांविरुद्ध. छपरं घालणारे, गवत कापणारे, डांबर ओतणारे, या सगळ्यांसाठी. पत्रक मी लिहिलं होतं आणि त्याचा मला माज होता.

बाबांनी नागपुरात चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर भिंगं घासली. पत्रक हातात घेऊन म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे. पन्नाशीच्या माणसाला दिसेल का हे?" मग सवयीनं इतिहास सांगितला. सातशे वर्षांपूर्वी इटलीत पहिला चष्मा झाला तो जवळचं वाचायला, थकलेल्या डोळ्यांसाठी. केला कुणी, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. "कारागीर असेल. त्याचं नाव कोण लिहून ठेवतं?"

"बाबा, हे पत्रकात घालू?"

"आधी अक्षर मोठं कर, पोरी."

मी केलं नाही. बारीक अक्षरात जास्त मागण्या मावतात.

घरात एसी. दार उघडून बाहेर पडलं की त्यांचा चष्मा पांढराफटक व्हायचा. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात असं कधी होत नाही, म्हणून त्यांना गंमत वाटायची. मला मात्र अर्थ माहीत होता. हवेत एवढी ओल, की घाम वाळत नाही. आणि घाम वाळला नाही, तर अंग निवत नाही. माझ्याच पत्रकाचा दुसरा परिच्छेद. मी काय म्हणाले? "वायपर बसवून घ्या."

"अडतीस म्हणजे काय ऊन आहे? सत्तेचाळीस पाहिलेला माणूस आहे मी. घाम येतोय तोवर काही होत नाही."

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून ते दुपारी फिरायला जायचे. ज्या दिवशी पडले, त्या दिवशी मी नगरपालिकेच्या गारेगार सभागृहात सावलीच्या हक्कावर तीन मिनिटं बोलत होते. टाळ्याही मिळाल्या.

शेजारच्या घराचं गवत कापणाऱ्या माणसानं त्यांना झाडाखाली ओढलं, नळीचं पाणी अंगावर सोडलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. त्याला स्वतःला पाण्याची सुट्टी नव्हती. ते पाणी गवताचं होतं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाली, ताप उतरलाय, पण उष्णतेनं मेंदूला इजा झाली असू शकते. जागे झाले की साधे प्रश्न विचारत राहा. वाटलं, आता रडू येईल. निदान राग तरी. राग तर माझा धंदा. काहीच आलं नाही. नर्सनं सामानाची पिशवी दिली. घड्याळ, बूट, कांदा. चष्मा नव्हता.

सकाळी बाबांनी डोळे उघडले. साल कोणतं? मी कोण? ते छताकडे बघत राहिले.

मी चष्मा शोधायला गेले. तो गवत कापणारा माणूस त्याच रस्त्यावर, दोन घरं पुढे. चष्मा त्यानं हातमोज्यात गुंडाळून गाडीत ठेवला होता.

"वडील बरे आहेत?"

"माहीत नाही. काय करायचं ते तुम्हाला कसं कळलं?"

"वीस उन्हाळे," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

काय द्यावं सुचेना. पिशवीतलं पत्रक दिलं, त्याच्या भाषेतलं. त्यानं ते हातभर लांब धरलं. आणखी लांब. डोळे बारीक केले. मग माझ्याकडे बघून हसला, नीट घडी घातली आणि न वाचता खिशात ठेवलं.

परत येऊन बाबांना चष्मा घातला. नजर छतालाच. साल विचारायचा मला कंटाळा आला होता.

"बाबा, पन्नाशीच्या माणसाला वाचायला किती नंबर लागतो?"

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"प्लस दोन," ते म्हणाले. "कुणाला पाहिजे?"