व्याह्यांची शाल भलत्याच खांद्यावर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर चहा सांडेल आणि बोल मला लावाल. उभ्या बिबवेवाडीला टोप्या घालणारा मी, आणि माझी फजिती झाली कुठे? तर आयरिश पबमध्ये!

झालं काय, आमच्या नातीचं, रेवाचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा ओंकार, तिच्याच कंपनीतला. त्याचे आई-वडील नाशिकहून यायचे होते. अहो, पाहुणे येणार तर घरी बोलवा, पोहे टाका! पण नाही. ह्या दोघांना पबच हवा. म्हणे जेवण झकास आणि गाणं-बजावणं समोरासमोर. माझा मुलगा-सून दुबईला. म्हणजे मुलीकडचा वडीलधारा कोण? सातवी नापास मी!

रेवानं गाडीतच दम भरला. "आजोबा, आज एकही चेष्टा नको. ओंकारचे बाबा मानपानाला फार जपतात. तिथे बिनसलं तर संपलं सगळं!"

"अगं, शाल घेतलीय, नारळ घेतलाय, कुंकू खिशात आहे. आता काय, हत्तीवरून साखर वाटू?"

"ते आलेत. कोपऱ्यातल्या गोल टेबलावर बसलेत. तुम्ही व्हा पुढे, मी गाडी लावून येते."

आत गेलो तर काय! बाहेर लख्ख ऊन आणि आत अमावास्या. आणि कोपरा म्हणे! कुठला कोपरा? खोलीला कोपरे चार असतात, एवढं तर मलाही शाळेत शिकवलं होतं.

चाचपडत निघालो. एका कोपऱ्यात गोल टेबल दिसलं. भोवती पाच-सहा माणसं, मधे पांढऱ्या दाढीचे भारदस्त गृहस्थ. आणि टेबलाखाली लांबुळक्या पेट्याच पेट्या! म्हटलं, सामान. म्हणजे नाशिकचेच. मुक्काम चांगला आठवडाभर दिसतोय!

"नमस्कार. मी मुलीचा आजोबा."

दाढीवाले चटकन उठले. मी दिसेल त्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. गृहस्थ गहिवरले हो! शेजारच्या बाईंनी फोटो काढला. मला खुर्ची दिली, पुढे पेला सरकवला. काळाकुट्ट, वर जाड फेस. कारल्याचा थोरला भाऊ! पण व्याह्यांचा पेला परत कसा करायचा? ढोसला.

मग त्यांनी पेट्या उघडल्या. आतून फिडल निघालं, बासरी निघाली, मोठा डफ निघाला. मी चक्रावलो. मुलगी बघायला येताना कुणी फिडल आणतं का? तेवढ्यात सगळे वाजवायलाच लागले! म्हटलं, असेल बुवा नाशिकची पद्धत. आपण कशाला मागे राहा? मीही टेबलावर ठेका धरला आणि ओरडलो, "वा व्याही, वा!"

खांद्यावर हात पडला. रेवा. चेहरा पांढराफटक.

"आजोबा, हे वाजवणारे आहेत! इथे असंच टेबलाभोवती बसून वाजवतात!"

"स्टेज नाही?"

"नाही!"

"मग व्याही?"

तिनं नुसती मान वळवली. समोरच्या कोपऱ्यात दुसरं गोल टेबल. ओंकार, त्याची आई आणि सफारी घातलेले, पापणीही न हलवता बघणारे वडील. त्यांनी कुंकवापासून सगळं पाहिलं होतं!

आता काय करता? दिलेली शाल परत ओढायची? आणि दाढीवाले तर शाल सावरून आणखी रंगात आलेले. त्यांना दिलेल्या मानापायी माझ्या नातीचं लग्न मोडायला निघालं होतं! वेटरच्या हातावरचा हिरवा टॉवेल ओढला, त्याच्या ताटातला भाजलेला बटाटा उचलला आणि धावलो. व्याह्यांच्या खांद्यावर टॉवेल, हातात बटाटा!

ते बटाट्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "हा मान आहे, का मेनू?"

मी घाईघाईनं बटाटा त्यांच्या तळहातावर नीट उभा केला.

"नाही, शेंडी कुठल्या बाजूला धरायची ते कळत नाहीये," व्याही पुढे म्हणाले.

"तुम्ही म्हणाल त्या बाजूला!" माझ्या तोंडून गेलं.

विहीणबाई फिस्सकन हसल्या. ओंकार टेबलाखाली गेला. व्याह्यांची मिशी थरथरली. रागानं का हसण्यानं, ते त्या अंधारात कळेना! रेवानं माझा हात इतका दाबला की बोटं काळीनिळी.

"रेवा," व्याही म्हणाले, "तू आम्हाला पसंत आहेस. फक्त एक अट. पाठराखण म्हणून ह्यांना पाठवायचं नाही."

आणि ज्या नातीसाठी मी एवढी अब्रू उधळली, तिनं माझ्याकडे बघितलं तरी का?

"लिहून देते, बाबा!" म्हणाली.