कोरड्या सालातला डाव

आमचे चेअरमन खेळातली गिरणीसुद्धा विकत नसत. डाव पार हातातून गेला, जवळ एक नाणं उरलं नाही, तरी पटावरच्या आपल्या लाकडी गिरणीवर पालथा पंजा ठेवून बसत. "हिला सोडून काय बी मागा," म्हणत. दिंद्रुडच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या सहकारी जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, अध्यक्षपद जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हाक तीच राहिली. घरातली सूनही त्यांना चेअरमनच म्हणायची.

तो खेळ माझ्या मुलीने पुण्याहून आणला होता. विलायतेतल्या जुन्या कापड गिरण्यांचा. गिरणी बांधायची, कोळसा आणायचा, कालव्यातून माल पाठवायचा. शेवटी ज्याच्याकडे पैसा जास्त तो जिंकला. त्या साली पाऊस नव्हता. कापूस बोंडं धरण्याआधीच करपला आणि जिनिंग बंद पडली. मी संस्थेचा पगारी सचिव, मला कार्यालय उघडावंच लागे. फिटर इस्माईलभाई यंत्राला तेल द्यायला येत, चेअरमन नुसतेच चौकशीला. शेवटी मी खेळाचे नियम मराठीत उतरवले, बँक माझ्याकडे घेतली आणि आम्ही तिघे खेळू लागलो.

दुसऱ्याच डावात त्या दोघांनी आपला कोळसा एकत्र केला. मी हरकत घेतली, "हा ज्याचा त्याने खेळायचा खेळ आहे."

"एकत्र करू नका असं लिवलंय का?" चेअरमन म्हणाले.

मी नियम पहिल्यापासून पुन्हा वाचले. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"मग झाली संस्था!"

लगेच निवडणूकही झाली. दोघेही उभे, दोघांना एकेक मत.

"चेअरमनसाब, गावात तुमी होऊन बसलाव, इथं तरी मला होऊ द्या," इस्माईलभाई म्हणाले.

"व्हा की. पण माघार फुकट नसती. चहा सांगा."

कोळसा संपला की गिरणी बंद पडे, आणि मालक राजी असेल तर बंद गिरणी कुणालाही अर्ध्या किमतीत घेता येई. मी घ्यायचो, नियमच होता. चेअरमनांनी कधी घेतली नाही. "पडलेल्याच्या छातीवर बसून मोठं होणं सोपं हाय, सचिव. तुमी व्हा."

उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याने आमच्या खऱ्या जिनिंगला तशीच अर्धी किंमत देऊ केली. सभासदांची सभा ठरली. माझ्या हिशोबाने विकणंच शहाणपणाचं होतं. व्याज चढत होतं, यंत्र गंजत होतं. मी ते चेअरमनांना तोंडावर सांगितलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "बसा, खेळू."

त्या डावात त्यांची गिरणी सुरुवातीलाच बंद पडली. मी किंमत वाढवत गेलो, ते ढिम्म. शेवटी फार वाईट हरले.

"बघा, काय मिळवलं?" मी म्हणालो.

"हरलो की. पण विकली न्हाई."

सभेत बहुतेक हात विकण्याच्या बाजूने वर गेले. मागून कोणी तरी ओरडलं, "चेअरमन, आता घरी बसून खेळा!" हशा पिकला. ते उठले.

"खेळतोच. पण कोरड्या सालात लावलेला भाव कोरडाच असतो बे! पाऊस पडल्यावर कापूस घिऊन कुणाच्या दारात उभं राहणार, ते आजच ठरवून जा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सचिव, माझा विरोध लिवा. नावासकट."

"माझा बी," इस्माईलभाई म्हणाले.

दोनच नावं झाली. जिनिंग विकली गेली.

पुढे पाऊस झाला, कापूसही झाला. व्यापारी ओल जास्त आहे म्हणत भाव पाडायचा, आणि हात वर केलेले सगळे त्याच्याच दारात उभे. चेअरमन मात्र जिनिंग गेल्यावर इस्माईलभाईंनी घेतलेल्या टेम्पोत आपला कापूस भरून शेजारच्या तालुक्यातल्या सहकारी जिनिंगला नेत. डिझेल धरलं तर त्यांना इतरांपेक्षा कमीच पैसे सुटत. मी मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं तपासलं, एकही चूक काढली नाही, आणि पुढची खेप भरायला गेले. मरेपर्यंत त्यांचं एक बोंड त्या व्यापाऱ्याच्या दारात गेलं नाही.

ते वारले त्या साली वेचणी उरकल्यावर त्यांच्या सुनेने इस्माईलभाईंचा टेम्पो बोलावला. मी वाटेने चाललो होतो, तो आत वळलो. सांगणं आपलं काम, म्हणून डिझेलचा हिशोब तिलाही सांगितला. तिने तो पुरता ऐकून घेतला.

"हिशोब बराबर हाय, भाऊ," टेम्पोतल्या कापसाच्या ढिगावर चढत ती म्हणाली. "तेवढा दोर पलीकडून ओढा."

मी ओढला आणि गाठ मारली.