लाइनबाईंचं ई-सिम

आमच्या आत्याला अख्खा मोहल्ला लाइनबाई म्हणायचा, आणि लाइनबाई कोणालाही माफ करत नसे. एका शिंप्यानं ब्लाउज बिघडवला, तर ती सतरा वर्षं त्याच्या दुकानासमोरून तोंड फिरवून गेली. एवढा राग एका बारक्या बाईत मावतो कसा, याचं मला लहानपणापासून कौतुक वाटे.

नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. "टेस्ट केल्याबिगर लाइन द्यायची नाई," हे तिचं ब्रीद. आधी स्वतः कान लावायची, मगच पुढे जोडायची. लाइन मुर्दा वाटली, की बोर्डावरची दोरी उपटायची आणि पुन्हा खोचायची. रिटायर झाल्यावर घरातला मिक्सर, टीव्ही, कूलर, सगळ्यांवर तिचा हाच इलाज चाले. बहुतेक वेळा लागूही पडे.

तिचा सगळ्यात जुना राग माझ्या बाबांवर, म्हणजे तिच्या सख्ख्या भावावर. तिनं कोणाला न विचारता लग्न केलं, तेव्हापासून बाबांनी बोलणं टाकलं होतं. कटंगीला, आमच्या घरी, आजी गेली, तेव्हा बाबांनी आत्याला कळवलं ते राख सावडल्यावर. म्हणाले, "लाइनच नाई लागली." त्या दिवशी बोर्डावर आत्याच बसली होती. कटंगीची लाइन सकाळपासून तिच्या डोळ्यांसमोर मोकळी पडली होती. तिच्या गावाहून बसनं दीड तासाची वाट. आईचं तोंड तिला सहज दिसलं असतं. मी तेव्हा सातवीत होतो. बाबा फोन करायला घराबाहेर पडलेच नव्हते, हे मी पाहिलं होतं, आणि पुढे मीच ते तिला सांगितलं. तेव्हापासून मी तिच्या पक्षात; मोठा झाल्यावर राहायलाही तिच्याच गावात आलो.

तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी राहते सेंट लुसियाला, कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर. जावई तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. आत्यानं व्हिसाचं विचारलं नाही, विमानाचं विचारलं नाही. पहिला प्रश्न: "तेथून कटंगीले लाइन लागन का?"

मी म्हटलं, मुलीच्या घरी वाय-फाय आहे की.

"दुसऱ्याच्या लाइनवरून माहा कॉल नाई पायजे. दीड तासाच्या वाटेवरून दादाची लाइन लागली नाई ना? मी समुद्रापलीकडून लावून दाखवीन."

म्हणजे सूड तिचा, नेम माझ्या बापावर आणि खांदा माझा. मी तो आनंदानं दिला.

ई-सिम म्हणजे काय, हे तिला समजवायला फार वेळ लागला नाही. कार्ड नाही, टोचायची पिन नाही. छापील क्यूआर कोडच्या चौकटीचा फोटो काढायचा, की लाइन फोनमध्ये उतरते. मी 'कॅरिबियन' लिहिलेलं पॅक घेऊन टाकणार होतो. ती म्हणाली, "गावं वाच." मी बेटांची यादी मोठ्यानं वाचली. तिचं बेट त्यात नव्हतंच. मग फक्त त्या बेटाचं, तीस दिवसांचं पॅक शोधलं. त्याला नंबर नसतो, नुसतं नेट मिळतं, म्हटल्यावर ती बिथरली. "नंबर नाई, तर दादा ओळखन कसा?" व्हॉट्सॲपवर तुझा जुनाच नंबर दिसेल, जुनं सिम फोनमध्येच ठेवायचं, फक्त त्याचं रोमिंग बंद, हे तिनं चिठ्ठीवर लिहून घेतलं. चौकटीचा कागद तर तिनं लॅमिनेट करून आणला.

मी लाइन उतरवून दिली आणि बजावलं, "तिथं पोचेपर्यंत ही मुर्दाच राहील. हात लावू नको." संध्याकाळी आलो, तर आत्या फोन मांडीवर घेऊन शांत बसली होती.

"टेस्ट केली. मुर्दा होती, म्हणून उपटली. आता खोचून दे."

तिनं ई-सिम डिलीट केलं होतं. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा लावून पाहिला; फोन म्हणाला, हा कोड वापरून झाला आहे. विकणाऱ्यांनीही हात वर केले. निघायला दोन दिवस होते. त्या रात्री ती जेवली नाही. इतकी वर्षं जगाशी धरलेला अबोला तिनं पहिल्यांदा स्वतःशी धरला. दुसऱ्या दिवशी मी नवं पॅक उतरवलं आणि फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'उपटू नये.'

नागपूरच्या विमानतळाकडे जाताना वाट कटंगीवरूनच. आमच्या घरासमोरून गाडी गेली. तिनं थांबू दिली नाही.

ठरल्याप्रमाणे मी महिनाभर कटंगीला बाबांजवळ मुक्कामाला होतो. दुपारी साडेचारला, म्हणजे तिच्या सकाळी सातला, बाबांचा फोन वाजला.

"दादा, लाइन लागली," आत्या म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सगळे दिवस साडेचारला तेवढं एकच वाक्य. दुसऱ्या आठवड्यापासून बाबा चार वाजताच खुर्ची ओसरीत, टॉवर येतो तिथं, ओढून बसू लागले. एकतिसाव्या दिवशी पॅक संपलं आणि फोन आला नाही. दिवेलागणीपर्यंत ते तिथंच होते. "लाइन नाई लागून राह्यली वाटते," एवढंच म्हणाले. आत्या परत आल्यावर मी तिला हे सांगितलं.

"बसू दे," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "रोज बसत होता?"

"हौ."

"बसू दे."

बाबा फोन हाताशी घेऊनच वावरू लागले, तरी तिनं पुन्हा कधी त्यांना फोन केला नाही. उलट मला सांगून ठेवलं, "मी गेल्यावर दादाले मोक्षधामातून आल्यावरच सांगजो. काय म्हणाचं ते तुले माहीत आहे."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती गेली. तिच्या मुलीनं त्या बेटावरून माझ्या फोनवर, व्हिडिओ कॉलनं, आईचं तोंड पाहिलं. तोच फोन खिशात घालून मी खांदा दिला. माझं आत्यावर फार प्रेम होतं. मी तिचा शब्द पाळला.

दुपारी अंघोळ करून कटंगीला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत बाबांनी उचलला.

"बाबा, आत्या गेली. सकाळी. लाइन लागत नव्हती."



"टॉवर तर फुल होता," बाबा म्हणाले. "सकाळपासून फोन हातातच घेऊन बसलो हाओ."