घरचीच पोरगी

मुलाखतीला माझं नाव पुकारलं ते माझ्याच बापानं. आबा त्या कॉलेजात शिपाई. दारात उभं राहून उमेदवारांची नावं पुकारायची, हे त्यांचंच काम. माझ्या नावापुढं त्यांनी 'मॅडम' लावलं.

आत पाच जण. मी बसले, प्रबंध टेबलावर ठेवला. कुणी उघडला नाही. तेवढ्यात आबा चहाचा ट्रे घेऊन आले. अध्यक्षसाहेब हसून म्हणाले, "राहू द्या आबा, पोरगी देईल की. घरचीच हाय."

आणि मी उठले. सांगायची लाज वाटते, पण उठले. पाच कप दिले, साखर विचारली. परत बसले तोवर मुलाखत संपली होती. विषयावर एकही प्रश्न नाही.

आमच्या आज्याला गावात चहा वरून ओतायचे. आबा सातवी शिकले, शिपाई झाले. मी पीएच.डी. केली.

प्राध्यापकाची जागा दुसऱ्यालाच गेली. मला तासिका तत्त्वावर घेतलं. तास असला तर काम, नसला तर घरी. वर सत्कार केला, शाल-नारळ दिला. बारामतीत स्टँडसमोर प्रवेशाचा फ्लेक्स लागला, त्यावर माझा फोटो: शिपायाची लेक डॉक्टर. शेळगावचे पाहुणे आईला कौतुकानं फोन करत होते. मला मात्र तेव्हापासून गोड बोलणाऱ्याचा भरवसाच वाटत नाही. कुणी पाठ थोपटली, की हा आता काय उचलायला लावणार, हेच आधी मनात येतं.

यंदा पुन्हा मुलाखत. तीच खोली, तेच पाच जण, तेच वाक्य.

मी उठले नाही. म्हटलं, "साहेब, मी उमेदवार आहे. विषयाचं विचारा."

साहेबांनी आबांना हातानं खूण केली. आबांनीच चहा दिला. पाच जणांना. माझ्यासमोरून ट्रे तसाच पुढं गेला. माझ्या बापाच्या हातातला.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "कशाला वाकडं घेतीस? माझी नोकरीची दोनच वरसं राह्यलीत. घरचं मानत्यात ते आपल्याला."

"घरचं मानत असते तर कप सहा असते, आबा."

मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही.

याही वेळी यादीत माझं नाव नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिलाय. दोन्ही मुलाखतींत कुणाला किती गुण दिले, लेखी द्या. दुसरा अर्ज, फ्लेक्सवरचा माझा फोटो उतरवा. उद्या कॉलेजात देणार, शिक्क्याची पोच घेणार.

ते कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं काम आबांचंच आहे. त्यांना आजच सांगून ठेवलंय, उद्या चहा नंतर, आधी माझा कागद न्यायचा.