मागच्या दाराचे तीन टाके

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच. माझा फॅब्रिकेशनचा धंदा आहे. ग्रिल, गेट, शटर, जिने. बारामतीला जळोचीच्या बाजूला शॉप आहे. शॉपच्या दाराला मी कधी लिंबू-मिरची बांधली नाही. दसऱ्याला मशीनला हार घालतो, तेवढाच काय तो देवधर्म. भूतबित, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट माझ्याच कामात घडली. ती जशी घडली तशी लिहितो, तिखटमीठ न लावता.

नव्वदच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली गोष्ट. त्या हिवाळ्यात आमच्या भागात वस्त्यांवर दरोड्यांची भीती पसरली होती. गावापासून लांब, उसात एकेकटी घरं. दोन-तीन ठिकाणी खरंच मारहाण झाली होती, बाकी नुसत्या अफवा. पण अफवेनंही माणूस तेवढाच घाबरतो. जो तो खिडक्यांना ग्रिल बसवायला निघाला आणि माझ्याकडे कामाला उसंत राहिली नाही.

माझी थोरली बहीण – अक्का – वडगाव निंबाळकरच्या शिवारात वस्तीवर राहायची. दाजी दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात अक्का, तिच्या दोन मुली – मनीषा अकरा वर्षांची, रेश्मा सात वर्षांची – आणि अक्काच्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे ठकूआई म्हणायचो. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. घोड्यावर बिऱ्हाड लादून ठकूआई निम्मं आयुष्य कळपामागे चालल्या होत्या, उघड्यावर झोपल्या होत्या. शेत बागायती झालं, मेंढरं विकली, मग कुठे त्या घरात राहायला लागल्या.

घर साधंच. समोर पाचटानं शाकारलेली पडवी, तिच्यामागे ओळीनं तीन खोल्या. पहिल्या खोलीला पुढचं दार, शेवटी स्वयंपाकघर, त्याला मागचं दार. खिडक्या चार.

अक्कानं निरोप धाडल्यावर मी बाकीची कामं बाजूला ठेवून तिकडे गेलो. विहिरीच्या मोटरवरून केबल ओढली आणि दोन दिवसांत घर बंदोबस्तात आणलं. चारी खिडक्यांना चौकोनी सळईचे ग्रिल, भिंतीत पक्के केलेले. पुढच्या लाकडी दाराला आतून पत्रा. मागचं दार सडलं होतं, ते काढून अँगलच्या चौकटीत नवीन लोखंडी दार बसवलं, आत उघडणारं. दोन्ही दारांना आतून लोखंडी आडणा – म्हणजे दारावर आडवा टाकायचा जाड बार, तो भिंतीतल्या दोन हुकांत बसतो. बाहेरून हत्ती आणला तरी दार हललं नसतं.

ठकूआई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. मी हत्यारं गोळा करायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "आत येणाऱ्याचं बघितलंस. भायेर जाणाऱ्याचं काय?"

"दारं हायेत की दोन," मी म्हणालो.



पंधरा दिवसांनी अक्का बाजारला आली तेव्हा शॉपवर आली. म्हणाली, "मागच्या दाराचा आडणा काढलेला असतो रे. दुपारचं मी शेतात जाते, येऊन बघते तर आडणा भिताडाला टेकवून ठेवलेला. चार-पाच डाव झालं."

"ठकूआई काढत असतील."

"मी बोलले त्यांना. न्हाय म्हणतात."

मी तिच्याबरोबरच वस्तीवर गेलो. मुलींसमोरच ठकूआईंना विचारलं, जरा चढ्या आवाजात. आज त्याचं वाईट वाटतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पयले दोन डाव मी काढला. खोटं का बोलू? जीव घुसमटतो माझा. पर त्याच्यामागं हात लावला न्हाय."

मी विश्वास ठेवला नाही. लोखंड आपोआप हलत नाही एवढं मला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात ठकूआई कऱ्हाटीला लेकीकडे गेल्या. त्या नसतानाही आडणा निघाला. अक्काचा पुन्हा निरोप. या वेळी मी ठरवूनच गेलो. मुली शाळेत होत्या, दाजी टँकरवर. घरात मी आणि अक्का दोघंच. मी स्वतः आडणा हुकांत बसवला, वरून बाइंडिंग वायर, म्हणजे सळया बांधायची बारीक तार, गुंडाळली आणि पकडीनं आठ-दहा पीळ दिले. मग पुढे पडवीत येऊन बसलो. अक्कानं मघाच केलेला चहा प्यालो. ती शेंगा फोडत होती. तास गेला असेल. आमच्या नजरेआडून घरात कुणी जाणं शक्य नव्हतं, कारण पुढच्या दारातच आम्ही बसलो होतो.

आत जाऊन बघितलं. दार लोटलेलंच होतं, पण आडणा भिंतीला उभा टेकवलेला. खाली जमिनीवर तार.

ज्यांनी हातानं काम केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बाइंडिंग वायरला एकदा पकडीनं पीळ दिला की तो पुरता कधीच जात नाही. कितीही सरळ करा, तार सापासारखी वाकडी राहते, नाहीतर तुटते. ही तार सरळ होती. तुटलेली नाही, कापलेली नाही. पिळाची खूणसुद्धा नव्हती. मी ती बोटांवरून दोन-तीनदा ओढून बघितली.

अक्का दारात उभी राहिली. "काय झालं?"

"काय न्हाय," मी म्हणालो.

घाबरलो का? नाही... मला राग आला होता. माझं काम कुणीतरी खोटं पाडत होतं, असंच वाटलं. कुणी शेजारचा, ओळखीतला, घराची माहिती असलेला माणूस पाळत ठेवून हे करतोय आणि एक दिवस आत शिरणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. कसं करतोय हा प्रश्न मी बाजूला ठेवला. दार कायमचं बंद करायचं ठरवलं.

त्या रविवारी दाजी घरी होते, ठकूआईही परत आल्या होत्या. मी मशीन घेऊन गेलो. ठकूआई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नको करूस," त्या म्हणाल्या.

"आई, चोर शिरला तर?"

"चोर काय नेईल? भांडी नेईल. दार नको बुजवूस."

 शेवटी अक्काच म्हणाली, "आई, हे घरी नसत्यात. दोन पोरी हायेत माझ्या. मार रं टाके."  ठकूआई तिथून उठून मागे लिंबाखाली जाऊन बसल्या.

मी दार आणि चौकट यांच्यामध्ये वेल्डिंगचे तीन टाके मारले – वर, मध्ये, खाली. प्रत्येक टाका बोटाएवढा. थंड झाल्यावर टाक्यांवर जमलेली जळकी मळी ठोकून काढली, ब्रश मारला. आडणा आता लागणार नव्हता, तो काढूनच ठेवला. मी बाहेरून लाथ मारली, दाजींनी धावत येऊन खांदा दिला. दार भिंतीसारखं उभं. पुढचे काही दिवस अक्का रोज ढकलून बघायची. त्यांची म्हैस तर त्या दाराला पाठ घासायची.

नऊ-दहा दिवस गेले. तो शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. मुली दुपारी घरीच होत्या. मी त्या दिवशी इंदापूरला होतो, एका बंगल्याला सरकतं गेट बसवायला. सकाळपासून तिथेच, मालक आणि त्यांचे गवंडी बरोबर.

इकडे वस्तीशेजारच्या रानातला ऊस तुटून गेला होता. त्यांनी पाचट पेटवलं. दरवर्षी पेटवतात, नवीन काही नाही. पण वारा फिरला. ठिणग्या उडून अक्काच्या पडवीवर पडल्या. वाळलेलं पाचट, वरून फेब्रुवारीचं ऊन. पडवीत पेंडीची पोती, सरपण, दाजींची सायकल. शेजारी सांगतात, पेटलेलं दिसलं आणि लगेच पुढचं दार दिसेनासं झालं.

अक्का विहिरीपलीकडे म्हशीसाठी कडवळ कापत होती. घरात ठकूआई आणि दोन्ही मुली. पुढे आग, चारी खिडक्यांना माझे ग्रिल, आणि मागच्या दाराला माझे टाके.

अक्का धावत आली तेव्हा पुढच्या बाजूला जाताच येत नव्हतं. ती घराला वळसा घालून मागे गेली. हातात खुरपं होतं, त्यानं ती तीन टाके तोडणार होती... काय तोडणार होती, देव जाणे. मागे लिंबाखाली ठकूआई बसलेल्या, एका बाजूला मनीषा, एका बाजूला रेश्मा. मागचं दार आत सताड उघडं.

कुणाला चटकासुद्धा बसला नाही. शेजाऱ्यांनी मोटर चालू करून पाइपानं आग विझवली. पडवी गेली, पहिल्या खोलीचं छत अर्धं गेलं. स्वयंपाकघराला झळ लागली नव्हती. चुलीशेजारी पातेल्यात झाकलेलं दूध तसंच गार होतं.

मला संध्याकाळी बारामतीला उतरल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उस्तादांना बरोबर घेऊन गेलो. ज्यांच्या हाताखाली मी वेल्डिंग शिकलो ते – सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचांनी चष्मा लावून चौकट बघितली. तिन्ही टाके चौकटीवर जागच्या जागी होते, गोल, चकचकीत, न तडकलेले. दाराच्या अँगलवर मात्र काही नाही. तुटल्याची कड नाही, जळाल्याचा डाग नाही. तिथे कधी वेल्डिंग झालंच नव्हतं असा कोरा लाल रंग.

"हे तुटलेलं न्हाय रे," चाचा म्हणाले. "हे धरलंच नव्हतं."

"धरलं होतं चाचा. दाजींनी खांदा दिला होता."

त्यांनी पुन्हा एकदा अँगलवरून अंगठा फिरवला. "धरलं असतं तर रंग जळला असता हितला."

"मी टाके मारले तवा जळला होता. मी बघितलाय."

 चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मंग मला नको विचारू."

मी मागे लिंबाखाली गेलो. ठकूआई तिथेच बाजेवर बसल्या होत्या. त्यांच्याकडे मान वर करून बघायचं धाडस मला होत नव्हतं. त्यांनीच मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं केलंस. दार उघडलंस ते."

मला वाटलं, धक्क्यानं काही बोलतायत. मी म्हणालो, "आई, मी इंदापूरला होतो."

"व्हय? पर हाक तूच मारलीस की. दिसला न्हाईस, धूर होता. आवाज तुझाच."

मी मनीषाला बाजूला घेऊन विचारलं. ती सरळ, समजूतदार पोरगी. म्हणाली, "मामा, आमी मधल्या खोलीत रडत होतो. आजी ग्रिल हलवत होती. मग मागून तू म्हणालास, मने, रेश्मे, हिकडं या, आजीला धरा. आमी गेलो तर दार उघडं."

"मी म्हणालो? का दुसरं कोण?"

"तूच. आमाला मने-रेश्मे असं तूच म्हणतोस."

रेश्मानं मान डोलावली. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटत नव्हतं.

लोक विचारतात, त्या वेळी तुला काही जाणवलं का? छातीत धस्स झालं, मुली दिसल्या, असं काही? मी खूप आठवून बघितलंय. काही नाही. दुपारी भाकरी खाल्ली, गेटच्या सावलीत पाठ टेकली, दहा-पंधरा मिनिटं डोळा लागला असेल. गवंड्यांनी उठवलं आणि पुन्हा कामाला लागलो. स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं.

मागच्या दाराचा आडणा त्यानंतर कधी आपोआप निघाला नाही. अक्का तो रोज लावायची आणि सकाळी स्वतःच्या हातानं काढायची. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही घराला सगळे ग्रिल पक्के बसवत नाही. एक तरी ग्रिल बिजागरीवर उघडणारा, आतून कडी असलेला. गिऱ्हाईक म्हणतं, याच्यातून चोर येईल. मी म्हणतो, येऊ दे, नाहीतर दुसरा फॅब्रिकेटर बघा.

चाचा म्हणाले तसं माझं वेल्डिंग कच्चं होतं असं धरलं, रॉड दमट होता असं धरलं, भिंतीमागून कुणी शेजारी ओरडला असं धरलं, तरी एकेक गोष्ट सुटते आणि दुसरी अडकते. मी अजून तिथेच आहे. ठकूआई पाच-सहा वर्षांनी गेल्या. मी दार उघडलं नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि पुढे पुढे मीही पटवायचं सोडून दिलं.

मनीषाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या सासरची मंडळी अक्काकडे जेवायला आली होती. मी वाढत होतो. मनीषानं माझी ओळख करून दिली. "हे आमचे मामा. आगीतून आमाला ह्यांनी भायेर काढलं." तिचे सासरे ताटावरून उठले आणि त्यांनी मला हात जोडले. माझ्या एका हातात आमटीची बादली होती. मी ती खाली ठेवली, हात जोडले, आणि पुढच्या पानाकडे गेलो.