एक आण्याचं रामेश्वर

माझी माय वाशीमच्या जिनात भाजी द्यायला जायची, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. आमचा मळा गावाबाहेर नाल्याच्या काठी होता. सकाळी मायच्या डोक्यावर मोठी टोपली आणि माझ्या डोक्यावर लहान, अशा आम्ही दोघी निघायचो. आधी वकिलांची घरं, मग कचेरीतल्या बाबूंची, आणि सगळ्यात शेवटी जीन. कापसातून सरकी वेगळी करायचा तो कारखाना. हंगामात तिथलं इंजिन दिवसभर धडधडायचं. आवाराच्या मागच्या बाजूला नोकरांसाठी खोल्या होत्या. त्यातल्या कोपऱ्यातल्या घरात जिनाचे मोठे कारकून राहायचे. ते दूर दक्षिणेकडचे. सगळे त्यांना मद्रासी बाबू म्हणत. त्यांच्या बायकोला मात्र कोणी काहीच म्हणत नसे, कारण तिच्याशी बोलायला कोणी जातच नसे.

माय बोलायची. बाईला मराठी येत नव्हती आणि मायला तिची भाषा, म्हणून दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत आणि उरलेलं हातांनी सांगत. बाईला रोज गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, पानं लागायची. माय आमच्या मळ्यातल्या झाडाचे डहाळे मोडून न्यायची आणि तसेच द्यायची. परतताना म्हणायची, "कसा पाला खाऊन राह्यली बाप्पा ही बाई!"

त्या वर्षी बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारनं नवी तिकिटं काढली होती. आधीच्या तिकिटांवर नुसता बादशहा असे. या तिकिटांवर त्याच्याबरोबर देशातली एकेक मोठी इमारत होती. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एके सकाळी आम्ही गेलो तर बाई दारातच उभी. हातात लखोटा. तिनं मला जवळ ओढलं आणि लखोट्यावरच्या तपकिरी तिकिटावर बोट ठेवलं. त्यावर एक उंच देऊळ होतं.

"मेरा गाव," ती म्हणाली. "ये मेरा गाव!"

मायनं वाकून पाहिलं. "कोन्तं गाव?"

"रामेश्वर."

मायनं टोपली खाली ठेवली आणि तिथेच बसली. आमच्याकडे कोणी म्हातारा रामेश्वर करून परतला की लोक त्याच्या पाया पडायचे. "तुमी रामेश्वराच्या? आन् आमी तुमाले वांगे इकून राह्यलो?" असं म्हणत मायनं त्या तिकिटाला हात जोडले. बाई हसायला लागली. खूप हसली, आणि मग पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

त्या दिवसापासून मला त्या घरी थांबायची मुभा मिळाली. माय आवारातली बाकीची घरं करून परत येईपर्यंत मी बाईजवळ बसायची. तिच्या वडलांचं देवळाच्या दाराशी शंख-शिंपल्यांचं दुकान होतं. यात्रेकरूंसाठी ते चित्रांची कार्डंही ठेवायचे. महिन्याला त्यांचं एक पत्र यायचं आणि पत्रात एखादं कार्ड असायचं. बाईनं ती कार्डं पत्र्याच्या डब्यात जपली होती. एकावर देवळातली लांबच लांब ओवरी होती. दोन्ही बाजूंना खांब, आणि शेवट दिसतच नव्हता. एकावर समुद्रातून जाणारा आगगाडीचा पूल. मी समुद्र पाहिलेला नव्हता, आगगाडीही नाही. मी विचारलं, "एवढं पाणी आटते का उन्हाळ्यात?" तिला माझं बोलणं समजायला वेळ लागला. समजल्यावर तिनं डोळे मोठे केले आणि नाही नाही म्हणून मान हलवत राहिली.

तिनंच मला तिकिटं काढायला शिकवलं. ताटलीत कोमट पाणी घ्यायचं, लखोट्याचा तिकीट असलेला तुकडा त्यात सोडायचा, ओढायचं नाही. तिकीट आपोआप सुटून वर येतं. मग ते पालथं करून वाळवायचं आणि पाट्याखाली दाबून ठेवायचं. कापसाचे नमुने ज्या निळ्या कागदात गुंडाळत, त्या कागदांची तिनं मला एक वही शिवून दिली. बाभळीचा डिंक मी मळ्यातून न्यायची.

जिनाच्या ऑफिसात देशभरातून टपाल यायचं. मुंबईहून, कराचीहून, कलकत्त्याहून. ऑफिसातली कागदांची टोपली रोज मागच्या भिंतीपाशी रिकामी होई. मी ती उकरायची. मुंबईच्या समुद्रावरची कमान मिळाली, कलकत्त्याचं जैनांचं देऊळ मिळालं. अमृतसरचं निळं देऊळ मिळालं त्या दिवशी मी धावतच सुटले होते. ताजमहाल एका वकीलबाईनं दिला. बाई एकेका तिकिटावर बोट ठेवून ते गाव कुठे आहे ते जमिनीवर रेघा ओढून दाखवायची. वाशीमसाठी ती मधोमध एक खडा ठेवी. सगळ्यात खाली, जमिनीच्या टोकाला, दुसरा खडा. मग दोन्ही खड्यांकडे बघत बसे.

रामेश्वराचं तिकीट एक आण्याचं होतं, आणि साध्या पत्राला तेच लागायचं. त्यामुळे ते कचऱ्यात रोज सापडे. सरकीच्या व्यापाऱ्याच्या पत्रावर रामेश्वर, यंत्राच्या सामानाच्या पत्रावर रामेश्वर. माझ्या वहीचं एक पान त्यानंच भरलं. बाई ते पान उघडून म्हणायची, "सबके घर जाता है मेरा गाव." तोवर ती मराठीही थोडं बोलायला लागली होती. एकदा म्हणाली, "मी नाय जाते. ते येते."

दिवाळीनंतर जीन सुरू झालं. बाईला तेव्हा दिवस गेलेले होते आणि पोट चांगलं दिसू लागलं होतं. माय तिला शेवग्याच्या शेंगा वेगळ्या बांधून न्यायची. वडलांचं पत्र त्या महिन्यात आलं नव्हतं. "टपालाले उशीर होते कधी कधी," माय म्हणाली. बाबूही तेच म्हणाले होते.

थंडीतल्या एका सकाळी मी टोपलीचे कागद चाळत होते. एका फाडलेल्या लखोट्याचा तुकडा हाती लागला. रामेश्वराचंच तिकीट, पण त्यावर डाकेचा शिक्का इतका स्वच्छ उमटला होता की त्यातलं अक्षर न् अक्षर दिसत होतं. मला इंग्रजी येत नव्हती. पण बाईच्या वडलांच्या लखोट्यांवरचा शिक्का मी इतक्यांदा पाहिला होता की तो ओळखू आला. तुकड्याच्या आत पत्राचा एक कपटा अडकून राहिला होता. त्यावर तिच्या भाषेतली गोल गोल अक्षरं होती. मला वाटलं, बाईचं पत्र चुकून ऑफिसात फाटलं. ते मी शोधून काढलं याचा मला केवढा आनंद झाला!

मी पळत गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. "बाई, पाहा, तुमच्या गावचं पत्र! मले सापडलं!"

तिनं तुकडा हातात घेतला. आधी हसली. मग पुढचा पत्ता पाहिला. तो बाबूंच्या नावानं, ऑफिसाचा होता. मग आतला कपटा ओढून काढला. त्यावर तीन-चारच शब्द असतील. ती मला म्हणाली, "भाई का हात." भावाचं अक्षर. भाऊ कधी लिहीत नसे, हे तिनंच मला पूर्वी सांगितलं होतं. वडील असताना भावानं का लिहावं, हे मला तेव्हा उमगलं नाही. तिला उमगलं. सूप मांडीवरून सरकलं आणि तांदूळ सगळ्या ओसरीभर झाले.

ती तशीच उठून ऑफिसाकडे गेली. त्या आवारात हमालांसमोरून, गाड्यांमधून ती याआधी कधी गेली नव्हती. मी तिच्या मागे. बाबू बाहेर आले. तिनं तुकडा त्यांच्यापुढे धरला आणि काहीतरी एकच शब्द विचारला. त्यांनी टोपी काढली. ती खाली बसली. तिच्या हातून पडलेला तुकडा मी उचलून घेतला.

तेवढ्यात माय आली. बाबू मायलाच सांगायला लागले, जणू माय बाईच्या माहेरची होती. "तीन हफ्ते हो गये. चिठ्ठी जेब में थी, आज फाडी. आठवा महिना है. मैं कैसे बोलता? दाईने भी मना किया था."

मायनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईला उठवत म्हणाली, "चाल माय, आंघोय कर. बापाचं पानी देनं राह्यलं तुह्यावालं."

घरामागच्या विहिरीवर मायनं पोहऱ्यानं पाणी काढलं आणि तिच्या डोक्यावर घातलं. एकामागून एक. बाई ओरडून रडली नाही. तिच्या भाषेत हळूहळू काहीतरी म्हणत राहिली, आणि मायला त्यातलं एकही अक्षर कळत नसताना माय प्रत्येक वेळी "हाव माय, हाव" म्हणत होती. मी कडेला उभी होते. हे सारं माझ्यामुळे झालं, एवढंच मला कळत होतं.

घरी जाताना मी मायला विचारलं, "मी दाखवाले नोको होतं का?"

मायनं डोक्यावरची टोपली सावरली. मग म्हणाली, "तिचा बाप होता. तिले मालूम पडाले पाह्यजेच होतं." पुढे म्हणाली, "पन तुह्या हातून कायले पडाव ते?" हे ती मला विचारत नव्हती.

बाई नवऱ्याशी बोलेनाशी झाली. माझ्याशी मात्र बोलायची. मी दोन दिवस तिच्या दारात जायला भ्यायले, तर तिनंच मायजवळ निरोप पाठवला. गेले तेव्हा तिनं मला शेजारी बसवून डबा उघडला आणि वडील काय काय बोलायचे, दुकानात कुठे बसायचे, कानाला शंख लावून गिऱ्हाइकाला आवाज कसा ऐकवायचे, ते सांगत राहिली. निम्मं मला कळलं नाही. तो फाटका तुकडा तिनं मागितला. मी दिला.

तिला मुलगी झाली. बाळंतपणाला माय तिथेच होती; दोन दिवस आमची भाजी बाजारात गेलीच नाही. बाळ रडलं तेव्हा बाबू ओसरीत भिंतीला टेकून उभे होते. आतून बाईनं त्यांना हाक मारली. महिन्याभरानंतरची ती पहिली हाक, असं माय नंतर कितीदा तरी सांगायची.

सव्वा महिना झाल्यावर ती माहेरी जायला निघाली. म्हाताऱ्या आईला नात दाखवायची होती. अकोल्याला जाणाऱ्या मोटारीपर्यंत आम्ही पोचवायला गेलो. बाबू तिला पोचवून परत येणार होते. मायनं गोडलिंबाचा एवढा मोठा भारा बांधून आणला होता. तो पाहून बाई म्हणाली, "वहाँ बहुत है," आणि तरी तिनं तो पोरीबरोबर मांडीवर घेतला. मोटार सुरू झाली तेव्हा तिनं कार्डांचा डबा खिडकीतून माझ्या हातात दिला. "तू ये," ती म्हणाली. "मी समुद्र दाखवते."

ती परत आली नाही. बाबू एकटेच आले आणि हंगाम संपल्यावर तेही काम सोडून गेले. तिकडेच कुठे तरी नोकरी मिळाली म्हणे. मी दोन हंगाम त्या घराच्या दाराकडे बघत राहिले.

पुढे माझं लग्न झालं आणि मी रिठदला आले. डबा आणि वही सासरी आणली. दुपारी कामं उरकल्यावर मी कार्डं मांडून बसायची. सासूबाई विचारायच्या, "कोन हायत हे तुह्ये, तिकडले?" मला सांगता यायचं नाही. थोडं वाचायला-लिहायला शिकल्यावर मी एकदा पत्र लिहायचं ठरवलं. मजकूर तयार होता. रिठदला टपाल आणणाऱ्या शिपायाला पत्ता विचारला. तो म्हणाला, "गावाचं नाव ठीक हाय बाई, पन मानसाचं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. बाबूंचंही नाही. माय म्हणायची बाई, मीही बाईच म्हणायची.

पत्र तसंच राहिलं. एकदा मुलाला घेऊन वाशीमला माहेरी गेले असताना मी जिनाकडे गेले. कोपऱ्यातल्या घरात कोणी दुसरं कुटुंब होतं. दारात एक बाई धुणं वाळत घालत होती. तिनं विचारलं, "कोन पाह्यजे?" मी म्हटलं, कोणी नाही, मी इकडे भाजी द्यायला यायची. तिनं मुलाला गूळ दिला. मी थोडा वेळ उभी राहिले, तिचं धुणं घालून झालं, आणि मग मुलाला कडेवर घेऊन मळ्याकडे निघाले.